जिताड्याची आई



रायगडच्या खाडीकाठी कातकरी वाड्यांत गेलो की एकच गाऱ्हाणे ऐकतो: जिताडा पूर्वीसारखा मिळत नाही. काही देणगीदार सुचवतात, "बोटुकली विकत आणून खाडीत सोडू या." जिताड्याचे बीज मिळू शकते, चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने ते १९९७ मध्येच तयार करून दाखवले.

पण आधी या माशाचा स्वभाव समजून घेऊ. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बाजारातला सर्वांत थोराड जिताडा बहुधा आईच असते. ती खाडीच्या मुखाशी लाखो अंडी घालते. पिल्ले भरतीबरोबर कांदळवनात, खाजणात शिरून वाढतात. आई मारली, कांदळवन तोडले, तर नुसती बोटुकली किती पुरणार?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हौशी गळवाले हाच मासा धरतात. तिथे ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा पाण्यात परत सोडावा लागतो. अनुवाद २२:६-७ मध्येही पिल्लांवर बसलेल्या पक्षिणीला सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे.

मात्र एका मोठ्या जिताड्यावर कातकरी घराचा आठवड्याचा बाजार होतो. तो सोड, असे त्या भावाला कोणत्या तोंडाने सांगू? मोठ्या माशाची मागणी तर आपलीच आहे. म्हणून विनंती: नाताळच्या जेवणाला मध्यम जिताडा घ्या आणि घासाघीस न करता त्याचा पुरता भाव द्या. कांदळवन राखणाऱ्या या भावंडांसाठी प्रार्थनाही करा.