पोस्टाने लेखक होता येतं?

शुक्रवारची संध्याकाळ, एफसी रोडवरचा कॅफे. मैत्रिणीने पर्समधून गुळगुळीत ब्रोशर काढून टेबलावर ठेवलं. 'घरबसल्या लेखक व्हा!' बारा धडे, 'नामवंत लेखकांचं वैयक्तिक मार्गदर्शन' आणि शेवटी सर्टिफिकेट. फी रुपये १५,०००.

"लावू का गं कोर्स? दिवसभर कोडिंग करून डोकं आउट होतं. मला खरंच लिहायचंय."

मी ब्रोशर उलटं ठेवलं. म्हटलं, आधी माझी गोष्ट ऐक.

पहिली नोकरी लागली तेव्हा मीही असाच एक कोर्स लावला होता. पहिल्या धड्याला आजीच्या वाड्यावर जीव तोडून कथा लिहिली. उत्तर आलं : 'छान प्रयत्न. भाषा ओघवती. पुढील धड्यास शुभेच्छा.' मी हवेत! दुसऱ्या धड्याला मुलाखत पाठवली. शेरा तोच, शब्दही तेच. मग शंका आली. तिसऱ्या वेळी कथेचा शेवट मुद्दाम काढून टाकला, वाक्य अर्धवट तोडून पानं पाठवली. 'छान प्रयत्न. भाषा ओघवती.'

पैसे बुडाले ते बुडाले. पण त्यानंतर दोन वर्षं मी काही लिहिलंच नाही. न वाचता कुणी 'छान' म्हटलं की मनापासून म्हटलेलं 'छान'ही खोटं वाटायला लागतं.

हा धंदा आजचा नाही बरं. अमेरिकेत १९६१ मध्ये 'फेमस रायटर्स स्कूल' सुरू झालं. जाहिरातीत मोठमोठ्या लेखकांचे फोटो, घरी सोडवायची 'टेस्ट' आणि मग दारात सेल्समन. १९७० मध्ये जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी 'द अटलांटिक' मासिकात या स्कूलची अक्षरशः सालं काढली. फी जवळपास ९०० डॉलर, आणि फोटोतले लेखक विद्यार्थ्यांचं लिखाण बघतच नव्हते! प्रकाशक बेनेट सर्फ हे त्या फोटोंतलं बडं नाव. त्यांनीही हे बाईंपाशी कबूल केलं. मिटफर्डबाईंनी दाखवलेली खरी गोम पुढेच आहे. स्कूलचा नफा होता तो पैसे भरून मध्येच सोडून देणाऱ्यांवर. १९७२ मध्ये स्कूलचं दिवाळं निघालं.

म्हणजे सगळेच कोर्स फसवे? अजिबात नाही. 'इग्नू'सारख्या मुक्त विद्यापीठाने इंग्रजी सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा दूरशिक्षणातून चालवला आहे. ज्यांना डेडलाइनशिवाय पेन उचलवत नाही, किंवा ज्यांच्या आसपास लिहिलेलं वाचायला कुणीच नाही, त्यांना चांगला कोर्स खरोखर उपयोगी पडतो. फक्त चेक फाडण्याआधी एवढं विचारा :

* माझं लिखाण वाचणार कोण? ब्रोशरवरचा चेहरा नको, तपासणाऱ्याचं नाव हवं. त्याचं लिखाण मिळवून वाचा.
* तपासलेला एखादा नमुना दाखवाल? 'छान' आणि 'इथे तिसरा परिच्छेद आधी घेतला तर?' यातच कोर्सची किंमत कळते.
* मध्येच सोडला तर? पैसे परत मिळण्याचा नियम लेखी घ्या. जमलं तर एका धड्याचेच पैसे भरून बघा.
* सर्टिफिकेटचं काय? डिग्री-डिप्लोमा हवा असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता तपासा. निव्वळ कथा छापून यायला कागद लागत नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून संपादक कथाच वाचत आलेत.

आणि एक प्रश्न स्वतःला. महिनाभर रोज तीनशे शब्द, फुकटात. जमलं, तर कोर्स तुम्हाला पुढे नेईल. नाही जमलं, तर १५,००० रुपये भरूनही चौथ्या धड्याला पाकीट कपाटातच राहील. त्याच पैशात वाचनालयाची वर्गणी, चार दिवाळी अंक आणि शनिवारची एखादी कार्यशाळा सहज बसते. शिवाय तोंडावर खरं बोलणारे दोन मित्र गाठा. ते तर कॉफीवरही येतात.

मैत्रिणीने सोमवारी फोन करून तपासलेला नमुना मागितला. "मॅडम, आधी फी भरा, मग दाखवू," उत्तर आलं. ब्रोशर रद्दीत गेलं.

परवा तिने मला दोन पानं वाचायला दिली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून लिहिलेली. पहिलं पान पसरट आहे, तसं मी पेन्सिलने लिहिलंय. दुसऱ्या पानावर एके ठिकाणी मी थांबले, परत वाचलं आणि समासात लिहिलं, 'छान.'

या वेळी वाचून.