स्वतःसाठी धीर, दुसऱ्यासाठी तातडी

ख्रिस्ती पंचांगात वाट पाहण्याचे दोन काळ मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा पहिला आणि ईस्टरपूर्वीचा, रविवार वगळून चाळीस दिवसांचा, उपवासकाळ हा दुसरा. परमेश्वर मनुष्यरूपाने येऊन गेला अशी ज्या धर्माची श्रद्धा, त्याने आपल्या अनुयायांस दरवर्षी पुन्हा वाट पाहावयास का लावावे, असा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडावा. त्याचे परंपरागत उत्तर असे की, वाट पाहण्याने माणसाचा आत्मा वाढतो. संकटकाळ ही देवाची शाळा आहे. हे उत्तर व्यासपीठांवरून इतक्या सहजपणे दिले जाते की, ते खरे आहे काय आणि असल्यास कोणत्या अर्थाने खरे आहे, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही.

वस्तुतः दुःख आपोआप कोणासही पवित्र करीत नाही. उपासमारीने माणसे हिंस्र झालेली जगाने पाहिली आहेत, आणि दीर्घकाळ अपमान सोसलेली मने करुणेऐवजी कडवटपणाने भरून गेलेली आपल्या आसपासही आढळतात. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात क्लेशापासून आशेपर्यंतच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, हे खरे. परंतु या दोहोंच्या मध्ये त्याने धीर आणि कसोटीस उतरलेले शील या दोन पायऱ्या ठेवल्या आहेत, याकडे उपदेशकांचे दुर्लक्ष होते. क्लेश हा केवळ प्रसंग आहे. त्या प्रसंगात माणूस काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

ईयोबाच्या ग्रंथात हे अधिकच कठोरपणे सांगितलेले आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या समाचारास आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्या दुःखाचा कार्यकारणभाव त्यालाच समजावून सांगण्यास प्रारंभ केला. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो, तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण परस्पर सांगू नये, हा या ग्रंथाचा धडा धर्मोपदेशकांनी प्रथम आपल्या ठायी लावून घ्यावा असा आहे.

मग प्रतीक्षेने आत्मा वाढतो तो कसा? याचे उत्तर शोधण्यास परदेशी संतांकडे जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या समोर आहे. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत गेले. दुष्काळाच्या हालअपेष्टांत वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पतीही निवर्तले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या, तो बहिरेपणाने ती वाटही बंद केली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सर्वसामान्य धर्मकथा येथे संपली असती. दुःख झाले, देव भेटला, शांती लाभली. रमाबाईंची कथा मात्र येथे खऱ्या अर्थाने सुरू होते. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोचपणे सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानी आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. ही आठ वर्षे म्हणजे एका प्रामाणिक मनाची प्रतीक्षा होय. त्या काळात त्यांनी न पटलेली मते पटल्याचे सोंग आणले नाही. इंग्लंडमधील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही त्या तत्त्वाच्या प्रश्नांवर निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या. चर्चच्या अधिकारापुढे आपली सद्‌सद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. शंका दडपून टाकणे म्हणजे श्रद्धा, असे मानणाऱ्यांनी या आठ वर्षांचा विचार अवश्य करावा.

दुसरी गोष्ट अशी की, या आठ वर्षांत त्या हात जोडून बसून राहिल्या नाहीत. अंतरीचा प्रकाश लाभल्यावर कार्यास लागू, असे त्यांनी म्हटले नाही. चेल्टनहॅमला त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. १८८६ साली अमेरिकेस जाऊन त्यांनी हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी व्याख्याने दिली व ग्रंथ लिहिला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. म्हणजे ज्या कार्यासाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्याचा पाया आत्मिक समाधान लाभण्यापूर्वीच घातला गेला होता. प्रतीक्षा आणि निष्क्रियता या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

१८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. पालकांची चिंता आणि सुधारकांची अडचण यांतही तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे पाहावयाचे ते हे की, जवळचे लोक दुरावले असतानाही रमाबाईंनी काम सोडले नाही. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांपुरतेच साहाय्य कबूल केले होते. ती मुदत संपल्यावर संस्थेस आधार असावा, म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. फळझाड लावणे म्हणजे काही वर्षे नुसते पाणी घालीत राहणे. वाट पाहण्याचा हाही एक प्रकार होय.

तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील मुलींची दैना कानी आली, तेव्हा या धीराच्या बाईने क्षणाचाही धीर धरला नाही. आपल्या बाळपणीची भूक त्यांना आठवत होती. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांना ठेवावयास पुरेशा इमारती नव्हत्या, पैसा नव्हता, आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार असा झाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो जणी आल्या. त्या मुलींना रमाबाईंनी सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. आधी अन्न दिले. स्वतःच्या शंकांसाठी आठ वर्षे आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी एक क्षणही नाही, हे त्यांच्या अध्यात्माचे प्रमाण होते.

धीराचा आणखी एक प्रकार टिळक दांपत्याच्या जीवनात दिसतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून दुरावलेला, माहेरसासर शोकाकुल, पदरी लहान मूल. पुढे त्या पतीकडे आल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर आपला विश्वास लादला नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला घाई आहे तो दुसऱ्याच्या मनाचे दार फोडतो; ज्याचे प्रेम आहे तो उंबरठ्यावर थांबतो. येथे एक भेद ध्यानी ठेवावा लागतो. भुकेल्यास अन्न देण्यात विलंब करणे हे पाप आहे, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेबाबत घाई करणे हाही अपराधच आहे.

रमाबाईंची अखेरची प्रतीक्षा सर्वांत दीर्घ होती. खेड्यापाड्यांतील साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबल असावे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. हिब्रूत वाट पाहणे आणि आशा धरणे यांसाठी एकच शब्द योजतात, हे या कामात त्यांच्या परिचयाचे झालेच असेल. काम संपत आले असता, १९२१ साली, कार्याचा वारसा चालविणारी मनोरमा निवर्तली. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. भाषांतर त्यांनी पुरे केले होते, छापलेला ग्रंथ मात्र त्यांच्या पश्चात, १९२४ साली, बाहेर पडला.

आज आपल्या मंडळ्यांतून नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीस, नोकरीवाचून वर्षे काढणाऱ्या तरुणास, उपचारांवाचून खितपत पडलेल्या रुग्णास ‘देवाची वेळ येईल, धीर धरा’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु जो धीर आपण स्वतः धरावयाचा, तो दुसऱ्याच्या माथी मारला की त्याचे अध्यात्म संपते आणि सोय उरते. मार खाणाऱ्या स्त्रीस आधी सुरक्षित आसरा हवा आणि रुग्णास आधी औषध. एवढे केल्यावर आपण त्यांच्याजवळ बसावे, ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस बसावे तसे, आणि त्यांच्याबरोबर वाट पाहावी. आगमनकाळात मेणबत्ती लावताना व उपवासकाळात ताट बाजूस सारताना प्रत्येक ख्रिस्ती माणसाने स्वतःस एवढेच विचारावे, की मी धीर धरला आहे तो माझ्या वाट्याच्या दुःखात, की शेजाऱ्याच्या?