छंदाची पाळी

निझव्याच्या खजुराच्या बागांना फलज दारिसचं पाणी मिळतं. ओमानमधल्या ज्या ५ फलजांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांतला हा एक. दिसायला आपल्याकडच्या पाटासारखाच, पण फलजावर पाण्याचा हक्क वेळेत मोजायची रीत आहे. साधारण अर्ध्या तासाचा हिस्सा म्हणजे एक 'अथर'. दिवसा रोवलेल्या खांबाची सावली जमिनीवरच्या खुणेला टेकली किंवा रात्री ठरलेला तारा वर आला, की पाळी बदलायची; एका बागेचं तोंड दगड-चिंध्या कोंबून बंद, दुसरीचं मोकळं. धुळ्याकडे पांझरेवरची फड पद्धत पाहिलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. वाटपाचा क्रमही ठरलेला: आधी पिण्याचं पाणी, मग मशीद आणि अंघोळीच्या जागा, मग खजूर, सगळ्यांत शेवटी हंगामी पिकं. पाणी आटलं की पहिला मार या शेवटच्या वाफ्यांवर. आपण छंदाला नेमकं याच वाफ्यात लावलेलं आहे.

नोकरी, घर, मुलांचा अभ्यास यांतून उरेल ते छंदाचं, आणि जे उरतं ते मोबाइल पिऊन टाकतो. त्यालाच आपण विश्रांती म्हणतो. झोनेनटाग आणि फ्रिट्झ या अभ्यासकांनी २००७ मध्ये कामाचा शीण उतरण्याच्या चार वाटा मांडल्या: मनाने कामापासून सुटणं, सैलावणं, काही नवं जमू लागणं आणि वेळ आपल्या ताब्यात असणं. सोफ्यावर पडून दुसरी वाट फार तर सापडते. तबल्याचा कायदा बसवायला धडपडणाऱ्याच्या डोक्यात मात्र ऑफिसच्या फायलीला जागाच राहत नाही. चुकलेली मात्रा तिला हुसकून लावते. अर्थात, आनंदी आणि धडधाकट माणसंच छंद जोपासतात, असा आक्षेप घेता येतो. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त आढळलं. त्याच माणसांचा काही वर्षं मागोवा घेतलेला असल्याने आक्षेपाची धार बोथट होते. पुरती जात नाही, हेही खरं.

यापेक्षा अवघड आक्षेप वेळेचा आहे. ओमानच्या २०२३ च्या कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास काम, शिवाय सलग दोन दिवस सुटी आहे. शुक्रवार-शनिवार हातात असलेल्या ओमानमधल्या मराठी नोकरदाराची 'वेळच मिळत नाही' ही तक्रार म्हणून जरा लंगडी वाटते. आठवड्याचा एक अथर त्याला आधीच नावावर करून ठेवता येईल, पाहुणे आले तरी न मोडण्यासारखा. घरकामगारांसाठी मात्र नियम वेगळे, आणि मालकाच्याच घरात राहणाऱ्या बाईचं काम संपतं कधी, हे घड्याळावर दिसत नाही. तिला छंदाचं महत्त्व पटवून काय उपयोग? तिच्या वाफ्याच्या तोंडातला दगड मालकाने काढायचा आहे.