टर्बो गेला म्हणतात, तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं?

  बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ते हे’ झालं ते काढून टाकलंय, बाकी एपिसोड जसाच्या तसा.

गेल्या मे महिन्यात खामगावहून बुलढाण्याला निघालो होतो. गाडी सेकंडहँड डिझेल सेदान, 2014 ची. बोथ्याचा घाट लागला आणि गाडीचा जीवच गेला. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबलाय, पण गाडी ओढतच नाही. मागं काळा धूर असा की मागचा दुचाकीवाला थांबूनच गेला. परत खामगावात येऊन एका गॅरेजला दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, एक पाइप काढला, आत बोट फिरवून तेल दाखवलं आणि म्हणाले, “भाऊ, टर्बो गेला तुमचा. नवाच टाका लागते.” खर्च पाच आकडी. गाडीच्या किमतीच्या मानाने तो आकडा ऐकून मला घाम फुटला, आणि मे महिन्यात खामगावात आधीच घाम काही कमी नसतो.

टर्बो गेलेला नव्हता. पण ते कळायला टर्बो करतो काय ते आधी समजून घ्यावं लागलं.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद. कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्या रस्त्यांवर ती घराघरात पोचवली 1.3 लिटर मल्टिजेट इंजिनाने. 1248 सीसीचं हे मूळ फियाटचं इंजिन मारुतीच्या, टाटाच्या, फियाटच्या गाड्यांत होतं, आणि पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. टर्बो साधा असेल तर ताकद 75 पीएसच्या आसपास, व्हेरिएबल जॉमेट्रीचा असेल तर 90. 2020 मध्ये बीएस 6 आलं आणि ते बंद झालं, पण सेकंडहँड बाजारात अजून भरपूर आहे.

तो दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरू शकतो. त्याला बॉल बेअरिंग नसतं (बहुतेक गाड्यांत तरी), तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून टर्बोचं अर्धं आयुष्य इंजिन ऑइलवर अवलंबून आहे. ऑइल बदलायला उशीर केला, किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडऐवजी ‘चालते हो’ म्हणून दुसरंच ओतलं, की पहिला मार बसतो तो इथे. बीएस 6 डिझेलला तर धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्याला कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर हळूहळू भरून चोंदतो.

आता माझ्या गाडीकडे येतो. पाइपमधलं तेल हा पुरावा नव्हता. इंजिनाच्या आतली तेलकट वाफ नळीने परत हवेच्या मार्गात सोडलेली असते, त्यामुळे पाइपला तेलाचा हलका ओलावा असणं नॉर्मल आहे. तेल थेंब थेंब गळत असेल, किंवा धूर निळा असेल, तर काळजी. माझा धूर काळा होता. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी पडतेय. हवा कमी का पडतेय, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

इथे फोन कामी आला. स्टीअरिंगखाली एक 16 पिनचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावला, फोनवर ॲप टाकलं. पी 0299 कोड निघाला. त्याचा अर्थ फक्त एवढाच की कॉम्प्युटरने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. टर्बो मेला असं तो म्हणत नाही. मग ॲपमध्ये मॅनिफोल्डचा दाब बघितला. इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा 97 किलोपास्कल. हा आपल्या खामगावच्या हवेचाच दाब, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. मग मित्राला शेजारी बसवलं (चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, हे सांगायला नको), आणि चढावर नेली. दाब 200 च्या आसपास जायला हवा होता, 130 वर अडकला आणि बॉनेटमधून फुस्स आवाज.

गॅरेजमध्ये हे का सापडलं नाही? न्यूट्रलमध्ये कितीही रेस करा, इंजिनावर भार नसतो, टर्बो फारसा दाब बनवतच नाही. गळती चढावरच दिसते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून बघितला, तर खालच्या बाजूला बोटभर चीर. वरून दिसतच नव्हती. दहा वर्षांचं रबर, रोजची उष्णता, आणि आतून तेल, फाटणारच. नवा पाइप आणि दोन चांगल्या क्लिपा, खर्च टर्बोच्या किमतीच्या दहाव्या भागाहून कमी. घाट परत चढली.

पाइप काढलाच होता, म्हणून टर्बोचा दांडाही तपासला. बोटांनी धरून आजूबाजूला किंचित हलला तर घाबरू नका, तेलाच्या थराची जागा आहे ती. आत-बाहेर खेळत असेल, किंवा पाती भिंतीला घासलेली दिसत असतील, तेव्हा टर्बो खरंच गेला.

आपल्याकडे दोन गोष्टी टर्बोला जास्त छळतात, धूळ आणि ऊन. काळ्या मातीची धूळ बारा महिने, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास फिरलात तर एअर फिल्टरवर रुईचा थर. फिल्टर लवकर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने कागदी फिल्टर झाडू नका, बारीक भोकं पडतात आणि मग धूळ थेट त्या पात्यांवर. उन्हाचं गणित असं: 45 डिग्रीची हवा 25 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 6 टक्के विरळ असते. तीच हवा टर्बोने दुप्पट दाबली की 140 डिग्रीच्या पुढे तापते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं, आणि त्याच्या जाळीत माती, किडे आणि कधी अख्खी प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका, पाती वाकतात.

अकोल्याहून हायवेने दाबून आलात, तर गावात शिरताना शेवटचे दोन किलोमीटर हळू चला. गाडी लावून लगेच बंद केली की तेल थांबतं, पण टर्बो तापलेलाच असतो, आणि आत अडकलेलं तेल जळून काजळी होते. घाईत असाल तर एक मिनिट आयडल.

आता तुमचा लाडका विषय, रीमॅप. प्रोग्राम बदलून दाब आणि डिझेल वाढवतात, 90 पीएसच्या गाडीतून वीस-पंचवीस जास्त काढतात. ते होतं, खोटं नाही. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो जुनेच असतात, आणि उन्हाळ्यासाठी कंपनीने ठेवलेली शिल्लक तुम्ही खर्च करून टाकता. वॉरंटी असेल तर तीही गेली. जुन्या, दीड लाख चाललेल्या गाडीवर रीमॅप करायचा तर आधी जी गाडी आहे ती पूर्ण ताकद देतेय का ते बघा. माझ्या ओळखीत एकाने फाटक्या पाइपवर रीमॅप मारून घेतलाय. धूर वाढला, पळाली काही नाही.

डिझेलला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावणं तर निव्वळ आवाजाची हौस. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल बंद होतं, अडलेल्या हवेला वाट लागते. डिझेलमध्ये तशी हवा अडतच नाही. आणि सायलेन्सरमध्ये ती शिट्टी बसवणारे भाऊ, तुम्हाला मी काय सांगू. एमएच 28 च्या निम्म्या शिट्ट्या रात्री माझ्या घरासमोरूनच जातात. कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर जे आहे त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 182 अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एक गोष्ट मात्र पाठच करून ठेवा. डिझेलच्या टर्बोचं सील पूर्ण फुटलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. पाय काढला तरी रेस वाढत जाते, मागं पांढरा-निळा धुराचा ढग, आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, कारण त्याला डिझेल लागतच नाहीये. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून द्या. इंजिन गुदमरून थांबतं. क्लच खराब होईल, होऊ द्या. हवेच्या पाइपवर हात ठेवायला जाऊ नका. थांबली नाही तर माणसांना उतरवा आणि लांब व्हा.

ज्यांच्याकडे स्कॅनर आहे त्यांनी या आठवड्यात इंजिन बंद, चावी ऑन करून मॅनिफोल्डचा दाब बघा, मग एखाद्या चढावर जास्तीत जास्त किती जातो ते शेजाऱ्याला लिहून घ्यायला सांगा. दोन्ही आकडे आणि गाडीचं मॉडेल व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात तेच उघडून बसू.