श्कोदर : जिथे प्रार्थना हा गुन्हा होता

उत्तर अल्बेनियात डोंगर आणि सरोवर यांच्यामध्ये श्कोदर वसले आहे. रोझाफा किल्ल्यावरून बुना आणि द्रिन नद्यांची पात्रे दिसतात. पायथ्याशी अठराव्या शतकातली ‘शिशाची मशीद’ आहे, तर शहरात सेंट स्टीफनचे कॅथेड्रल. मुसलमान आणि कॅथलिक इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. १९६७मध्ये एन्व्हर होजाच्या साम्यवादी राजवटीने देशभरातली दोन हजारांहून अधिक प्रार्थनास्थळे बंद केली, तेव्हा दोघांच्याही दारांना कुलपे लागली. अल्बेनिया हे जगातले पहिले निरीश्वरवादी राष्ट्र, अशी शेखी राजवट मिरवू लागली. पण तिचे भांडण खरोखर देवाशी होते का? कॅथेड्रलचे मनोरे गेले, पण प्रशस्त सभागृह राखून त्याचे क्रीडागृह केले गेले. शिशाची मशीद सांस्कृतिक वारसा म्हणून वाचली, नमाज मात्र थांबला. म्हणजे दगडविटांशी वैर नव्हते आणि लोकांनी एकत्र जमण्यालाही हरकत नव्हती. हरकत होती ती पक्षाने न बोलावता जमण्याला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. कॅथलिक चर्चचे इटलीशी जुने संबंध होते आणि त्याच इटलीने १९३९मध्ये अल्बेनिया गिळंकृत केला होता. मग नव्या सत्तेने सावध राहणे चुकीचे कसे? संशय समजू शकतो, पण कारवाई त्या संशयात मावत नाही. १९७५च्या हुकमाने धार्मिक वळणाची नावे बदलायला लावली. १९७६च्या राज्यघटनेने कोणताही धर्म न मानण्याची आणि निरीश्वरवादाच्या प्रचाराची ग्वाही दिली. पुढच्याच वर्षीच्या दंडसंहितेत धार्मिक प्रचाराला तीन ते दहा वर्षांची कैद आली. मुलाच्या नावात कोणता परकीय कट दडलेला असतो? श्कोदरमधल्या गृहखात्याच्या जुन्या कोठड्यांमध्ये २०१४पासून स्मृतिसंग्रहालय आहे; हेरांपासून संरक्षण एवढाच हेतू असता, तर धर्मगुरूंपासून सामान्य माणसांपर्यंत इतके लोक त्या कोठड्यांत डांबलेच गेले नसते.

राजवटीने साक्षरता वाढवली, हा दुसरा मुद्दा. तो खरा आहे. पण शाळा काढण्यासाठी मशिदीला टाळे लावावे लागत नाही. आणि या साऱ्याचा दोष नास्तिकतेच्या माथी मारणेही अन्यायाचेच. नास्तिकता ही विचारान्ती घेतलेली भूमिका असू शकते; हुकमाने लादली की तिच्यातला विचारच संपतो. मनातली श्रद्धा तर हुकमाने मिटलीही नाही. ४ नोव्हेंबर १९९० रोजी, बंदीची भीती पुरती ओसरलेली नसताना, दीर्घ तुरुंगवास भोगलेले धर्मगुरू सिमोन युबानी यांनी इथल्या दफनभूमीत जाहीर मिस्सा अर्पण केली. त्याच महिन्यात शिशाच्या मशिदीत पुन्हा नमाज झाला. दोन्हीकडे शेजारधर्म पाळणारे परधर्मीय हजर होते. पुढे १९९८च्या राज्यघटनेने ना एखादा धर्म अधिकृत ठरवला, ना निरीश्वरवाद. श्रद्धेच्या प्रश्नांत शासन तटस्थ राहील, एवढेच म्हटले. सक्तीच्या नास्तिकतेला उतारा म्हणून सक्तीची आस्तिकता आणली नाही, यातच अल्बेनियाचे शहाणपण आहे. श्रद्धाळूला आणि अश्रद्धाला सारखेच निर्धास्त ठेवणारी व्यवस्था हीच आहे.