आधी वाळू, मग बर्फ: फेब्रुवारीअखेरची मोटारसायकल सफर



मागच्या महिन्यात बडोद्याहून एका तरुणाचा फोन आला. घर तिसऱ्या पिढीपासून तिथलंच, पण मराठी अगदी स्वच्छ. म्हणाला, "काका, आम्ही चौघं मित्र फेब्रुवारीच्या शेवटी निघतोय. आधी जैसलमेर, मग मनाली, तिथून लेह. बारा दिवसांची रजा आहे. जरा प्लॅन बघून सांगाल का?"

बघितला. मोबाईलच्या नकाशात रस्ता दिसतोय म्हणजे तो उघडा आहे, असं चौघांनी धरून टाकलं होतं. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, कारण बेळगावपासून इंदूरपर्यंत बरेच जण याच दिवसांत अशी सफर आखत असतात.

पहिली गोष्ट, फेब्रुवारीत मनालीहून मोटारसायकलवर लेहला जाता येत नाही. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, त्यामुळे रोहतांग न चढता लाहौलमध्ये पोचता येतं हे खरं. पण पुढे ४,८९० मीटरवरचा बारालाचा ला बर्फाखाली असतो. सीमा सडक संघटनेची माणसं बर्फ कापून तो उघडतात तेव्हा उघडतो. काझाहून मनालीकडे उतरणारा कुंझुम लाही बंदच. मग उरतो एकच रस्ता: शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. सतलज आणि नंतर स्पिती नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता वाटेत मोठी खिंड ओलांडत नाही, म्हणून हिवाळ्यातही बहुतेक दिवस चालू असतो. मात्र गेलात त्याच रस्त्याने परत यायचं. गोल फेरी होत नाही. मुलांचा हिरमोड झाला, पण नकाशावर गोल काढायला आपण काही कंपास घेऊन बसलेलो नाही.

आता दिवस कोणते धरायचे? वाळवंटाला वाटतं तुम्ही लवकर यावं, डोंगराला वाटतं उशिरा यावं. मार्च संपत आला की जैसलमेरला दुपारी हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. उलट फेब्रुवारीच्या सुरुवातीला किन्नौरमध्ये बर्फ पडतच असतो. दोघांना जेमतेम चालतील असे दिवस म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चचा पहिला पंधरवडा. त्यातही आधी वाळवंट, मग डोंगर असाच क्रम ठेवायचा. तेवढ्यात डोंगराला आणखी आठवडाभर ऊन मिळतं. जैसलमेरचा मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो, तेव्हा खोल्या महागतात, तेवढं पंचांग बघून घ्या. धुळवडीच्या दिवशी राजस्थान-पंजाबच्या गावांतून गाडी चालवू नका. रंगाने भरलेला फुगा हेल्मेटच्या काचेवर बसला की दोन सेकंद काही दिसत नाही, आणि तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते.

जैसलमेरहून रामगढ, तनोट, लोंगेवाला असा दिवसभराचा फेरा करा. तनोट जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटर. टाकी रामगढलाच भरून घ्या, पुढे मिळेल यावर विसंबू नका. तनोटच्या पुढे सीमेकडे जायचं तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. लोंगेवाल्याला डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या पंजाब रेजिमेंटच्या कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर रोखून धरलं. त्या रणगाड्यांपैकी काही वाळूत रुतले होते. रणगाडा रुततो तिथं तुमची सामान लादलेली बुलेट काय करील? म्हणून फोटोसाठी डांबर सोडून टेकडीवर गाडी घालू नका. आणि डांबरावरही वाऱ्याने आणलेल्या वाळूचे पट्टे असतात. वळणावर असा पट्टा आला तर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. वेग आधीच कमी करून सरळ रेषेत पार व्हायचं. सूर्य मावळला की गाडी बंद. उंट, गाय, नीलगाय यांना मागचा दिवा नसतो.

जैसलमेरला पहाटे साधारण १० अंश असतं. आपल्याला ते पुण्याच्या थंडीसारखं वाटतं. पण ताशी ७० किलोमीटरने निघालात की अंगाला लागणारी थंडी ५ अंशांच्या आसपास जाते. हाच हिशेब डोंगरात करा: हवा ० अंश आणि वेग ६० असेल तर अंगाला उणे ९ लागतं. म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारा बाहेरचा थर महत्त्वाचा. हातमोजे दोन जोड, आत पातळ लोकरीचे, बाहेर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारे. बोटं बधिर झाली की क्लच कुठे सुटतो ते कळत नाही. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायची आमची जुनी युक्ती आजही चालते, आणि फुकट आहे.

आता एक गोष्ट, जी बहुतेक प्लॅनमध्ये नसते. वाळवंट आणि हिमालय आपल्याला दोन वेगळे प्रदेश वाटतात, पण या दिवसांत दोघांचं हवामान एकाच ठिकाणाहून येतं. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतात. राजस्थानात त्यांच्यामुळे ढग, जोराचा वारा, कधी पाऊस किंवा गारा येतात, आणि हिमालयात बर्फ पडतो. म्हणजे जैसलमेरला तुम्ही चहा पिताना पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, तर तीच गडबड लवकरच किन्नौरमध्येही पोचू शकते हे समजा. अशा वेळी वाळवंटात एक दिवस जास्त काढा. भारतीय हवामान विभागाचे हिमाचलचे इशारे जैसलमेरपासूनच रोज बघायला लागा, शिमल्याला पोचल्यावर नव्हे. हिमस्खलनाच्या धोक्याची पत्रकं डीआरडीओची चंदीगडची संस्था काढते, तीही बघा. फेब्रुवारी संपला म्हणजे हिवाळा संपला, असं डोंगर मानत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर बर्फाचा कडा आला. ५४ कामगार अडकले, त्यातले ८ गेले. बर्फात काम करणं हाच त्यांचा रोजचा धंदा होता.

जैसलमेरहून बिकानेर सुमारे ३३० किलोमीटर. तिथून सुरतगढ, भटिंडा करत चंदीगड दोन दिवसांत आरामात होतं. चंदीगडला पूर्ण दिवस थांबा आणि तो दिवस गाडीला द्या. हे मी जरा आग्रहाने सांगतो. एअर फिल्टरमध्ये थारची वाळू भरलेली असते. काझा सुमारे ३,६५० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपेक्षाही कमी. आधीच हवा विरळ, त्यात फिल्टर तुंबलेला, मग इंजिन चढावर धापा टाकतं आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. फिल्टर साफ करा किंवा बदला. चेन धुऊन पुन्हा वंगण द्या, कारण वाळू आणि तेल मिळून पॉलिश पेपरच तयार होतो. रेडिएटरवाली गाडी असेल तर कूलंट तपासा. राजस्थानात कुठल्याशा गॅरेजात कुणी त्यात साधं पाणी ओतलं असेल तर ते काझाच्या रात्री गोठेल आणि तुमची सफर तिथेच संपेल. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर घरूनच बदलून निघा. टायरच्या हवेची गंमत सांगतो: थंडीने दाब उतरतो, उंचीने गेजवर तो चढलेला दिसतो, आणि दोन्ही मिळून आकडा बराचसा होता तिथेच राहतो. तरी रोज सकाळी गाडी थंड असताना बघायचाच.

आता डोंगर. लष्करात ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात जवानाला वातावरणाची सवय व्हायला सहा दिवस देतात. तगडा पंचविशीचा जवान, सहा दिवस. आणि ऑफिसातून उठलेला आपला माणूस दोन दिवसांत काझा गाठतो आणि डोकं दुखतंय म्हणून गोळी घेतो. तुम्ही किमान एवढं करा: रामपूर एक रात्र, कल्पा दोन रात्री, मग नाको किंवा ताबो, आणि त्यानंतरच काझा. डोकेदुखीसोबत उलटी, चालताना तोल जाणं, पडून असतानाही धाप, यातलं काही दिसलं तर खाली उतरायचं, सकाळची वाट बघत बसायचं नाही. डायमॉक्स घ्यायची की नाही हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मित्राला नाही.

मार्चच्या सुरुवातीला तिथं दिवस कागदावर साडेअकरा तासांचा असतो. पण दरीतल्या रस्त्यावर ऊन काही ठिकाणी दहा वाजता उतरतं आणि तीन-साडेतीनला डोंगराच्या सावलीत जातं. गाडी चालवायचे तास तेवढेच. एरवी आपण पहाटे निघतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. इथे पहाट हीच शत्रू आहे. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, रात्री गोठतं, आणि सकाळी डांबरावर काचेसारखा पापुद्रा असतो. तो दिसत नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. चारचाकीला चेन लावता येते, आपल्याला दोन चाकांवर ती सोयही नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं ताफ्याच्या ड्रायव्हरांना शिकवलं. आणि निवृत्तीनंतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात याच रस्त्यावर नाकोच्या अलीकडे सकाळी आठला स्वतः पडलो. माझा कोर्समेट सोबत होता. तो म्हणाला होता, "ऊन येऊ दे, मग निघू." पण आदल्या दिवशी दरड कोसळल्यामुळे आमचे चार तास गेले होते आणि मला ते भरून काढायचे होते. कुणासाठी? काझाला कुणी आमची वाट बघत नव्हतं. एका वळणावर नाल्याचं पाणी रस्त्यावर गोठलं होतं. ब्रेकही लावला नव्हता, गाडी नुसती खालून निघून गेली. मी दरीच्या बाजूला न घसरता डोंगराच्या बाजूला घसरलो, यात माझं कौशल्य काही नव्हतं. गळपट्टीचं हाड मोडलं. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून पिओच्या दवाखान्यापर्यंत आलो, आणि प्रत्येक खड्ड्याला कोर्समेटचा चेहरा बघत होतो. तो एका शब्दाने बोलला नाही. घरी बायको मात्र बोलली.

तेव्हापासून माझ्या प्लॅनच्या कागदावर एक रकाना जास्त असतो: "परत फिरायचं कधी." तो घरी, टेबलावर बसून भरायचा. रस्त्यावर भरायला गेलात तर झालेला खर्च, मित्रांसमोरची इभ्रत आणि उरलेले किलोमीटर हे तिघं मिळून तुमच्याऐवजी निर्णय घेतात. बडोद्याच्या मुलांसाठी आम्ही फोनवरच तो भरला. पिओला पोचल्यावर बस स्टँडवर विचारायचं, आज काझाची बस गेली का? हिमाचल परिवहनचे ड्रायव्हर तो रस्ता तळहातासारखा ओळखतात. बस गेली नसेल तर आपणही जायचं नाही. दोन दिवस गेली नाही तर कल्पाहून किन्नर कैलास बघून परत. दुपारी एकपर्यंत नाको आलं नाही तर मिळेल त्या गावात मुक्काम. चौघांपैकी एकाने जरी "नको" म्हटलं तर चौघंही नको, आणि त्याला कारण विचारायचं नाही.

बारा दिवसांत हे बसत नाही हे तोवर त्याला कळलं होतं. बडोदा ते काझा या वाटेने एका बाजूचंच सुमारे दोन हजार किलोमीटर होतं. आता चौघांनी सोळा दिवसांची रजा टाकलीय, त्यातले दोन दिवस कोऱ्या कागदासारखे राखीव. परतताना चंदीगडहून गाड्या रेल्वेच्या पार्सलने पाठवणार आहेत. टाकी रिकामी करून द्यावी लागते, हे आधीच सांगून ठेवलंय. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे, तो एवढी वर्षं थांबलाय, यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, असं म्हटल्यावर तो हसला.

शेवटी विचारलंन, "काका, तुम्ही येता का?" खांदा थंडीत अजून दुखतो, त्यामुळे डोंगराला मी नाही म्हटलं. पण जैसलमेरहून बिकानेरला जाताना फलोदीजवळ खीचन गाव लागतं. तिथे हिवाळ्यात हजारोंनी कुरजा, म्हणजे करकोचे, उतरतात आणि मार्चमध्ये उत्तरेला निघून जातात. ते बघायचे राहिलेत. तेवढ्यापुरता येतो म्हणालो.