सर, पास आहे का?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि नाट्यगृहांना कुलपं लागली. आपल्या हुबळीजवळच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात भरणारा महोत्सवही त्या डिसेंबरात झाला नाही. नामवंत गायक तग धरतात हो. पण साथीचा तबलजी, मेकअपवाला, पडदा ओढणारा? त्यांची कमाई प्रयोगावर. प्रयोग नाही, तर पैसे नाहीत.

आम्ही मात्र घरबसल्या मोबाइलवर फुकट गाणं ऐकत होतो. अशात नेहमीच्या पुस्तकवाल्याचा फोन आला. 'सर, पुस्तकं घरी पोचवतो. तुम्हाला मराठी, वहिनींना कन्नड. जमलं तर पैसे आगाऊ द्या, दुकानाचं भाडं थकलंय.' वीस वर्षं मी त्याच्या दुकानात उभ्याउभ्या किती पुस्तकं फुकट वाचली असतील! पैसे दिले, शेजारच्या दोन घरांनाही द्यायला लावले. पुस्तकं आली सावकाश.

दुकान आजही चालू आहे. नाटकंही लागतात. परवा एका प्रयोगाचा विषय स्टाफरूममध्ये निघाला, तर पहिला प्रश्न ठरलेला: 'सर, पास आहे का?'

म्हटलं, 'तिकीट आहे. तुमची किती काढू?'